सातव्या महिन्यानंतरचा पत्ता

पुण्यात आमच्यासारख्यांची एक जमात आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी, किंवा तसलंच काहीतरी झालेलं, पाठीला सॅक, सॅकमध्ये क्लिपबोर्ड आणि पाण्याची बाटली, गळ्यात ओळखपत्र. कुणीतरी प्रकल्प आणतं, आम्ही वस्तीत जाऊन प्रश्न विचारतो, प्रकल्प संपतो, मग पुढचा शोधतो. क्षयरोगाच्या गोळ्या, शाळा सोडलेली मुलं, कचरा वेचणाऱ्या बायकांचे गुडघे, असं बरंच काही विचारून झालं. गरोदर बायकांवरचं काम मात्र मी एका डच मुलीबरोबर केलं. तिची पीएचडी होती. तिच्यासाठी ते परदेशातलं फील्डवर्क, माझ्यासाठी पीएमटीच्या दोन बस.

पुणंच का, असं तिला भेटेल तो विचारायचा. खरं तर या विषयात पुण्याचं नाव बाहेर चांगलंच माहीत आहे. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची, आपली पावणेतीनच्याही आत. पण आपली बाळं हडकुळी दिसली तरी अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती, आणि मधुमेहाचं बी कुठे पडतं याचा शोध तिथून थेट आईच्या ताटापर्यंत गेला. ती बाळं आता तिशीत आहेत, त्यांचा अभ्यास होतच राहिला. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते गावोगावी दर महिन्याला जाऊन बायकांच्या पाळीच्या तारखा टिपणाऱ्यांचं काम. संशोधनाच्या पेपरात त्यांची ओळ शेवटी येते, आली तर.

डच मुलीचा विषय साधा होता. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत बाईला कोण-कोण बघतं? ४२ का, तर मातामृत्यूची व्याख्या तिथे संपते. आपला सव्वा महिना त्याच्या आसपासच येतो, हे तिला फार आवडलं होतं. प्रत्येक बाईला दोनदा भेटायचं: एकदा आठव्या महिन्यात, एकदा ४२ दिवसांनंतर. कागदावर छान दिसत होतं. मी प्रस्ताव वाचला तेव्हाच म्हटलं होतं, "आठव्यात कोण सापडणार तुला?" तिला प्रश्न कळला नाही. मीही ताणून धरलं नाही, कारण तोवर परवानग्यांचं जात्यावर दळण सुरू झालं होतं.

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर लेख त्यातच संपायचा. परदेशी माणसाला इथे आरोग्यावर संशोधन करायचं तर इथली एखादी संस्था पाठीशी लागते, तिच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, दिल्लीला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे कागद जातात. व्हिसा संशोधनाचा लागतो, पर्यटनाचा चालत नाही. तो १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात नाव घालावं लागतं, आणि त्यासाठी घरमालकाचे कागद. पुण्यातले घरमालक भाडं वेळेवर घेतात, कागद वेळेवर देत नाहीत. शिवाय महापालिकेच्या दवाखान्यांतून काम करायचं म्हणून तिथला अर्ज वेगळा. आवक-जावक नंबर म्हणजे काय हे मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पुढे तीच मला विचारायची, "ताई, आवक नंबर घेतला ना?"

समितीने प्रश्नावलीतला एक प्रश्न काटछाट न करता सरळ उडवला. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगितलं का, असा तो प्रश्न. तिच्याकडे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत आईबाप हौसेने विचारून घेतात. इथे १९९४ च्या कायद्याने ते सांगणंही गुन्हा आणि विचारणंही. तसा बोर्ड प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर असतो, आणि तिने त्याचा फोटोही काढून ठेवला होता.

काम दोन ठिकाणी चालायचं. एक अप्पर इंदिरानगर, जुनी, दाट वस्ती, जिथे सासू, सासरा, दीर सगळे जवळपास असतात. दुसरं धायरी-नऱ्ह्याकडच्या भाड्याच्या खोल्या, जिथे कंपनीत किंवा गाडीवर काम करणारा नवरा आणि वर्षा-दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको असं दोघांचंच बिऱ्हाड. आम्ही जायचो दुपारी दोननंतर. त्याआधी पाणी, स्वयंपाक, धुणं. चारनंतर मुलं शाळेतून येतात. बरोबर आशाताई, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, असायची. तिच्याशिवाय दार उघडतं, पण बाई उघडत नाही.

संमतीपत्रावर सही म्हटलं की तोंडं बदलायची. "कर्जाचं तर नाही ना?" हा हमखास प्रश्न. गटाच्या कर्जासाठी फायनान्सवाले दारात येऊन बायकांच्या सह्या घेतात, हप्ता चुकला की त्याच दारात बसतात. त्यामुळे अनोळखी बाई, कागद आणि सही हे तीन एकत्र आले की सासू आतून बाहेर येणारच. आम्ही अभ्यासात भाग घेतल्याचे पैसेही देत नव्हतो. एक आजी म्हणाल्या, "पैसे देणार नाही, घेणारही नाही. मग तुम्हाला मिळतं काय?" डच मुलगी म्हणाली, "पदवी." आजींना ते पटलं. नातू पदवीधर असून घरी बसला होता, पदवीची किंमत त्यांना ठाऊक होती.

खरी अडचण एकांताची. दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही गरोदर बाईला विचारता, "पहिल्या तीन महिन्यांत रक्तस्राव झाला होता का?" आणि उत्तर देते सासू. "नाही हो, आमच्याकडे सगळं व्यवस्थित असतं." लोहाच्या लाल गोळ्या खाल्ल्या का, तर सासू म्हणते खाल्ल्या, सून भिंतीकडे बघते. १८० गोळ्या द्यायच्या असतात, दिल्याही जातात. गादीखाली किती आहेत हे सासूसमोर कोण सांगणार? तोंड आंबतं, शी काळी होते, मळमळतं, म्हणून त्या बंद केलेल्या असतात. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यातला एक भाग या गाद्यांखाली आहे असं माझं मत.

यावर उपाय सापडला तो अगदी अचानक, आणि तो होता खुद्द संशोधक. गोरी बाई मराठी बोलते म्हटल्यावर अख्खी गल्ली तिच्याभोवती गोळा व्हायची. मग आम्ही वाटणी करून टाकली. ती बाहेर ओट्यावर बसायची, सासू, जावा, शेजारणी तिच्याभोवती. मी आत, सुनेपाशी. जिच्या अभ्यासासाठी हे सगळं चाललं होतं तिने बाहेर बसून लोक रमवायचे आणि मुलाखत मी घ्यायची! तिच्या गाईडला हे कसं कळवलं कोण जाणे, पण सगळ्यात खरी उत्तरं त्या वाटणीने मिळाली. एकीने सांगितलं की आधी दोनदा पडलंय, घरात एकदाचंच माहीत आहे. दुसरीने ब्लाउज सैल करून खांद्यावरचा वळ दाखवला आणि लगेच म्हणाली, "हे लिहू नका." मी लिहिलं नाही. पण समितीने अशा वेळेसाठी दिलेली मदतीच्या फोन नंबरांची चिठ्ठी होती, ती तिच्या हातात दिली. तिने घडी करून टिकल्यांच्या पाकिटात सरकवली.

बाहेर ओट्यावर काय चालायचं तेही सांगायला हवं. "लेकरं किती?" एकही नाही. "वय?" एकतीस. यावर सामूहिक हळहळ. मग उपचार, व्रतं, येरवड्याचे एक डॉक्टर. तिने एकदा फोनवर फोटो दाखवला: गोल टोस्टवर लोणी आणि त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरेच्या गोळ्या. त्यांच्याकडे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना हे देतात, आणि त्या गोळ्यांच्या आत बडीशेपेच्या जातीचं बी असतं, बाळंतिणीला दूध येतं म्हणून. हे ऐकल्यावर अप्परच्या बायकांनी तिला जवळजवळ जातीत घेतलं. एक काकू आत जाऊन बाळंतशेपांची पुडी घेऊन आल्या. तिने ती हुंगली, चावली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि पुढचा अर्धा तास ओवा, डिंक, अळीव आणि खारीक यांवर भाषणं झाली. आत माझ्या दोन मुलाखती पुऱ्या झाल्या.

मग सातवा लागायला लागला.

डोहाळजेवणाचे फोटो व्हॉट्सअॅपवर यायचे, हिरवी साडी, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, आणि दोनचार दिवसांत दाराला कुलूप. आशाताई सांगायची, "गेली माहेराला." पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा नियम, आणि पुण्यात भाड्याने राहणाऱ्या निम्म्या मुलींचं माहेर मराठवाड्यात नाहीतर सोलापूरकडे. केज, भूम, उदगीर, करमाळा, बार्शी. डच मुलीच्या लॅपटॉपवर एकेक ओळ लाल होत गेली. अशा बायकांना संशोधनात हरवलेल्या समजतात. यावर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, हरवली कुठे? नवऱ्याला माहीत आहे, घरमालकिणीला माहीत आहे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही माहीत आहे ती कुठे आहे ते. फक्त तुझ्या फाइलला आणि महापालिकेच्या रजिस्टरला माहीत नाही.

तिला हे पचायला वेळ लागला, कारण तिच्याकडची गोष्ट बरोबर उलटी. नेदरलँड्समध्ये आजही सहा-सातांतलं एक बाळंतपण घरी होतं, आणि कुठेही झालं तरी पुढचे आठेक दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. बाळाचं वजन, आईचे टाके, अंगावर पाजणं, वेळ पडली तर मोठ्या मुलाचा डबासुद्धा. आरोग्य विम्यातच ते बसतं. म्हणजे बाई एका जागी आणि सेवा तिच्याकडे चालत येते. आपल्याकडे बाईच उठून सेवेकडे जाते, फक्त ती सेवा म्हणजे तिची आई.

आणि आपलीही व्यवस्था कागदावर घरीच येते, हे सांगितल्यावर ती चकित झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघायचं. ही कल्पना मुळात महाराष्ट्राचीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, बालमृत्यू उतरले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ते शिरलं. पण सहा भेटी कोणत्या घरी? नऱ्ह्याच्या आशाकडे बाईची नोंद, बाई केजला. केजच्या आशाकडे बाई, पण नोंद नऱ्ह्याला. तिकडची एक आशा फोनवर मला म्हणाली, "नाव तुमच्याकडं, भेटी म्या द्यायच्या, अन् फॉर्म कुणाच्या नावानं भरायचा ते सांगा आधी."

आम्ही मग फोनने पाठलाग सुरू केला. पहिल्या भेटीत घेतलेले नंबर बहुतेक नवऱ्यांचे होते, आणि नवरे पुण्यातच. "तिकडं रेंज नसते मॅडम." म्हणून प्रश्नावलीत एक रकाना वाढवला: माहेरचा फोन, आणि तो कुणाच्या खिशात असतो. वडील, भाऊ, चुलता. भावाचा असेल तर संध्याकाळी सातनंतर, वडिलांचा असेल तर पहाटेच. ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. माझ्या वहीत बसली.

एकीच्या गावी मात्र आम्ही दोघी गेलो, वाकडेवाडीच्या स्टँडवरून बीडची गाडी पकडून आणि पुढे वडापने. नऱ्ह्याची ही पोरगी, वीस-एकवीसची, पहिलटकरीण. पुण्यात शेवटच्या तपासणीत तिचं बीपी १४०/९० आलं होतं. सिस्टरने कार्डावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, आठ दिवसांनी परत ये म्हणाली होती. हे मला पक्कं माहीत, कारण कार्ड मी पाहिलं होतं. कुठे पाहिलं? पुण्यातच, तिच्या खोलीत, फ्रीजवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत. पाच हजारांच्या फॉर्मसाठी झेरॉक्स काढायची म्हणून नवऱ्याने ते ठेवून घेतलं होतं. पहिल्या बाळाला केंद्राच्या मातृवंदना योजनेत हे पैसे मिळतात, नोंदणी आणि तपासणीनंतर तीन हजार, बाळाची जन्मनोंद आणि लसी झाल्यावर दोन. तेव्हा बाई केजकडे, आणि तिचं बीपी, तिचं रक्त, तिची सोनोग्राफी, सगळं अडीचशे किलोमीटरवर आधारच्या झेरॉक्सबरोबर पिशवीत.

माहेरी पाय सुजले. गरोदरपणात सुजतातच, असं सगळे म्हणाले, आणि ते काही खोटं नाही. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. आईने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, आणि मग भावाला उठवलं. त्या भावाला मी मनोमन नमस्कार केला, कारण त्याने सकाळची वाट पाहिली नाही. तालुक्याला नेलं, तिथे विचारलं, "आधी बीपी किती होतं? कार्ड कुठंय?" कुणालाच सांगता येईना. तिथून अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजला. लघवीत प्रोटीन, बीपी खूप वर, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं, सिझर. बाळ दोन किलोच्या आतबाहेर, काही दिवस काचेत.

आम्ही गेलो तेव्हा माय-लेकरू घरी होतं. बाजेखाली शेगडी, दाराला गोधडीचा पडदा, ओव्याच्या धुराने आमचे डोळे चुरचुरत होते. डच मुलीने शेगडीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. मी बाळंतिणीच्या आईला म्हटलं, "मावशी, बाळाला धूर नको, शेगडी जरा दाराकडं घेऊ." त्यांनी लगेच घेतली. भांडण व्हायचं काही कारणच नव्हतं. त्या बाईने सव्वा महिना लेकीला कपबशी उचलू दिली नव्हती, रात्री बाळ स्वतः घेऊन बसत होती, खारीक-खोबऱ्याचे लाडू वळून डबा भरून ठेवला होता. पुण्याच्या त्या खोलीत नवरा सेकंड शिफ्टला गेल्यावर या मुलीला पाणी कुणी दिलं असतं? म्हणून माहेरी जाऊ नका असा सल्ला कुणी देऊ लागलं की माझं डोकं फिरतं.

डच मुलीने त्यांना तिच्याकडच्या घरी येणाऱ्या बाईबद्दल सांगितलं. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तिची माय कुठं जाते?"

परतीच्या गाडीत तिने हरवलेल्यांचा रकाना काढून टाकला आणि अभ्यासाचा प्रश्नच बदलायचं ठरवलं: माहेरी जाताना बाईबरोबर काय जातं आणि काय मागे राहतं. गाईडशी दोन ऑनलाइन बैठका झाल्या, समितीकडे दुरुस्ती गेली, पुन्हा आवक नंबर. त्यानंतरच्या मुलाखती मला जास्त आवडल्या. बायका पिशवी उघडून दाखवायच्या. जवळपास प्रत्येक पिशवीत ओटीचा खण होता, बाळाची दुपटी होती, देवाचा अंगारा होता. कार्ड बऱ्याच जणींकडे होतं, सोनोग्राफीचे कागद काहींकडे, रक्ताचे रिपोर्ट क्वचित. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्या सगळ्या तपासण्या तिकडे नव्याने झाल्या, बऱ्याचदा पदरचे पैसे घालून.

आकडे बघितले तर आपलं बरं चाललंय. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १३० माता मरत होत्या, २०१८-२० मध्ये ३३, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. मला त्यात खोट काढायची नाही. पण केजची ती पोरगी या दोन्ही आकड्यांत चांगल्या बाजूला मोजली जाते, आणि ती तिथे पोचली ती भावाच्या मोटारसायकलमुळे.

शेवटी दवाखान्याच्या हॉलमध्ये आशांच्या बैठकीत आम्ही निष्कर्ष मांडले. तिने मराठीत मांडले, अडखळत, पण मांडले. आशा शांतपणे ऐकत होत्या, कारण यातलं त्यांना नवीन काहीच नव्हतं. मग मागून एक आशाताई उठली. म्हणाली, कार्डावर आशाचं नाव आणि नंबर लिहायला एकच जागा आहे, तिथे दोन करा. एक इकडची, एक माहेरची. आणि पाच हजारांच्या फॉर्मला झेरॉक्स इथेच दवाखान्यात काढून द्या, कार्ड बाईच्याच हातात राहू दे. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "सूचना चांगली आहे, पण कार्डाचा फॉर्मॅट वरून येतो. झेरॉक्सचं बघतो."

झेरॉक्सचं अजून बघतायत. त्या आशाताईने मात्र थांबायचं नाही असं ठरवलंय. सातवा लागला की ती कार्ड मागून घेते आणि मागच्या कोऱ्या जागेत मार्करने माहेरच्या आशाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिते. तो ती मिळवते कसा, तर माहेरच्या गावातल्या अंगणवाडीला फोन लावून. फोन तिच्याच रिचार्जवर.